घारकड्यावर शमीमताई

"शमीमताईंना खाली सोडायचं नाही," दिगंबर मला बाजूला घेऊन म्हणाला. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतात त्या."

आम्ही घारकड्याच्या माथ्यावर उभे होतो. दसरा होऊन गेला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि दुपारचा वारा सुटला होता. खाली, कड्याच्या मध्यावरच्या एका अरुंद टप्प्यावर भागाबाई पडली होती. शेळी चुकली म्हणून ती घळीच्या तोंडाशी गेली, वाळक्या गवतावरून तिचा पाय सटकला आणि ती थेट त्या टप्प्यावर जाऊन आदळली. शेळी आपली आपण वर आली होती. भागाबाईचा नवरा कोंडिबा कड्याच्या काठाशी पालथा पडून खाली हाका मारत होता.

"आवाज येतूया अजून," तो आमच्याकडे न बघताच म्हणाला. "मगाधरनं बारीक झालाय, पन येतूया."

आमचं तालुक्याच्या गावातलं लहानसं बचाव पथक होतं. कुणी दरीत पडलं, कुणी नदीत अडकलं की लोक आम्हाला बोलवायचे. दिगंबरचं स्टँडजवळ गॅरेज होतं. मी, तृप्ती, मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली चित्रकलेची शिक्षिका. आणि शमीम नालबंद त्याच शाळेत खेळ शिकवायच्या. पथक त्यांनीच उभं केलेलं. घाटातली कुठली वाट कुठे निसरडी आहे, कुठल्या झाडाला दोर बांधला तर ते टिकेल, हे त्यांना पाठ होतं. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरच्या मुलीच काय, फाटकाबाहेरची रिक्षासुद्धा थांबायची, असं शाळेत गमतीने म्हणत.

पण हे सगळं आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत. त्या पावसाळ्यात घाटातल्या एका वाडीवर दरड कोसळली. पथकाने चिखलातून माणसं बाहेर काढली आणि परत फिरताना डोंगराचा दुसरा लोट आला. त्यात संपत गेला. संपत आणि शमीमताई कित्येक वर्षं एकाच दोराला बांधून कडे उतरलेले. त्या दिवशीही त्याचा दोर त्यांच्याच हातात होता. तो हातातून निसटला नाही. तुटला.

त्यानंतरच्या शमीमताई मी जवळून पाहिल्या. त्या रडत नव्हत्या, म्हणून लोकांना वाटलं, खंबीर बाई आहे. पण मैदानावर मुली रांगेत उभ्या असायच्या, शिट्टी ताईंच्या हातात असायची, आणि आधी काय करायचं, शिट्टी की हजेरी की धावणं, हेच त्यांना उमगायचं नाही. मुली कुजबुजायला लागायच्या. घरी भावजय म्हणायची, "आपा सकाळी खाटेवर बसते ती बसतेच. उठ म्हटलं की हो म्हणते. उठत नाही." कुणी आळस म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना रजा घ्यायला सुचवलं.

मी मग रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊ लागले. शाळेच्या वाटेवरच होतं घर. मी 'चला' म्हणायची नाही. खाटेजवळ स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, "ताई, पाय कुठे आहेत?"

"खाटेवर," त्या सांगायच्या.

"कुठे हवेत?"

"खाली."

पाय खाली यायचे. मग चप्पल. मग मोरी. असं एकेक करत आम्ही शाळेची घंटा होता होता फाटकाशी पोचायचो. हे मला कसं सुचलं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तर अशा शमीमताई त्या दुपारी खांद्यावर दोराची वळकटी घेऊन कडा चढून आल्या होत्या, आणि दिगंबर मला सांगत होता की त्यांना खाली सोडायचं नाही. त्याचं काही चूक नव्हतं. तो स्वतःच उतरला असता, पण जत्रेत बैलाने धडक दिल्यापासून त्याचा खांदा निखळलेला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. संपत गेल्यावर पथक निम्मं पांगलेलं. पुण्याहून मोठं पथक निघालं होतं, पण त्यांना पोचायला संध्याकाळ झाली असती. टप्पा उतरता होता. भागाबाई शुद्ध हरपून जरा कलली असती तरी संपलं असतं.

"दिगंबर काय म्हणतोय ते मला ऐकू आलंय," मागून शमीमताई म्हणाल्या.

दिगंबर ओशाळला. "ताई, राग मानू नका. पण..."

"राग कशाला? बरोबर बोलतोयस तू." त्या वळकटी खाली टाकून एका दगडावर बसल्या. कोंडिबा मान वळवून बघत होता. वाडीतली पाचपन्नास माणसं भोवती जमली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मैदानावरच्या आवाजात ताई बोलल्या, "माझं डोकं सध्या एका वेळी एकच गोष्ट धरतं. दोन आल्या की दोन्ही सांडतात. पण ही घळ मी उतरलेय, संपतबरोबर. हातापायांना ती माहीत आहे. तेव्हा आज असं करायचं. तृप्ती काठावर बसेल. ती मला एका वेळी एकच प्रश्न विचारेल. मी त्याचं उत्तर देईन आणि तेवढंच करीन. तिने विचारल्याशिवाय मी हात हलवणार नाही. बाकी कुणीही बोलायचं नाही. 'जपून' असंसुद्धा म्हणायचं नाही कुणी."

 एका बाईने दुसरीकडे पाहिलं. यांना वाचवायला बोलावलं आणि ह्या काय सांगतायत, असा भाव होता सगळ्यांच्या तोंडावर.

"आणि हीच विसरली तर?" दिगंबर माझ्याकडे बोट करून हळूच म्हणाला. "ही स्वतःची छत्री दर पावसाळ्यात हरवते, ताई. परवा गॅरेजमध्ये गाडी घ्यायला आली आणि चालत घरी गेली."

"ही स्वतःचं विसरते. दुसऱ्याचं विसरत नाही," शमीमताई म्हणाल्या. "आणि दोर तू बघायचास. प्रत्येक गाठ तू तपासायचीस. मी तपासली म्हटलं तरी पुन्हा तपासायचीस. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

दिगंबर कामाला लागला. एक जाड अंजनाचं झाड आणि एक जमिनीत रुतलेला धोंडा, अशा दोन वेगळ्या ठिकाणी त्याने दोन दोर बांधले. एक उतरायचा, दुसरा पहिल्याला काही झालं तर अडवायचा. दगडाच्या धारेवर दोर घासू नये म्हणून पोती अंथरली. मी काठावर पोटावर पडले. माझ्याही कमरेला दोर होता.

"पट्टा?" मी विचारलं.

"कमरेला. आवळलाय."

दिगंबरने ओढून बघितलं आणि मान हलवली.

"हुक?"

"लावलाय." ताईंनी त्याचा पेच फिरवून दाखवला. "बंद."

"हेल्मेट?"

त्यांनी डोक्याला हात लावला. हेल्मेट दगडावरच राहिलं होतं. गर्दीतून कुणीतरी चुकचुकलं. शमीमताईंनी शांतपणे सांगितलं, "विसरले. द्या." कोंडिबाने धावत जाऊन ते आणून दिलं.

मग त्या काठावरून मागे कलल्या आणि उतरू लागल्या.

सुरुवातीचा उतार सोपा गेला. मी विचारत होते, त्या सांगत होत्या. डावा पाय कुठे? खाचेत. उजवा? सपाट दगडावर. दोर मोकळा आहे? आहे. त्यांचे हात किती सुंदर चालत होते! इतक्या महिन्यांत मी त्यांना हातात कप धरूनही घुटमळताना पाहिलं होतं. आणि इथे दोर त्यांच्या बोटांतून एखाद्या ओळखीच्या माणसासारखा जात होता. घळीच्या गळ्याशी पोचल्यावर त्यांनी खाली बघून हाक दिली, "भागाबाई, आलेच मी." खालून कण्हण्याचा आवाज आला.

तेवढ्यात वरून दगड सुटला. कुणाचा पाय लागला की वाऱ्याने सुटला, कोण जाणे. मोठा नव्हता. घळीच्या भिंतीवर आपटत, सोबत माती-मुरूम घेत तो ताईंच्या बाजूने खाली गेला. त्या अरुंद जागेत त्याचा आवाज घुमला. गडगडाटासारखा.

दोर थांबला.

मी वाकून पाहिलं. ताई कड्याला चिकटून होत्या. डोळे उघडे, समोरच्या दगडावर खिळलेले. त्यांचे खांदे कापत होते हे इतक्या वरूनही दिसत होतं. त्या आत्ता घारकड्यावर नव्हत्या. त्या कुठे होत्या ते पथकातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"ओढा वर," दिगंबर माझ्या कानाशी आला. "ओढून घेऊ त्यांना. बास झालं."

मी त्याला हाताने थांबवलं. खरं सांगते, धीर बिर काही नव्हता मला. पण ताईंनी सांगितलं होतं, तिने विचारल्याशिवाय नाही. मी अजून विचारलंच नव्हतं.

आणि मी काही बोलायच्या आधी खालून आवाज आला. मैदानावरचा नव्हे, साधा, कोरडा झालेला आवाज. पण स्पष्ट. सगळ्या वाडीने ऐकला.

"तृप्ती, मला पुढचं सुचत नाहीये. मी अडकलेय."

आजवर मी कितीतरी धाडसी माणसं पाहिली. पूर आलेल्या नदीत उडी घेणारी पाहिली. पण भर माणसांत, जिच्या शिट्टीवर गाव थांबायचं त्या बाईने दोराला लटकत असताना 'मी अडकलेय' म्हणावं, याच्या तोडीचं मी दुसरं पाहिलेलं नाही.

"ताई, उजवा हात कुठे आहे?"

ताईंची नजर दगडावरून हलली नाही.

"उजवा हात, ताई. बघू नका. सांगा नुसतं."

"दोरावर."

"दोर कसा लागतोय हाताला?"

ताईंची बोटं दोरावरून फिरली. "खरखरीत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कोरडा. कोरडा आहे गं दोर."

त्या दरडीच्या दिवशी दोर भिजून चिंब झालेला होता. मला ते नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की त्यांच्या खांद्यांचं कापणं कमी होतंय.

"डावा हात?"

"दगडावर."

"कुठे हवा?"

"खाली. खोबणीत."

"मग?"

डावा हात खाली गेला. मागे कोंडिबाने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. दोर पुन्हा सरकायला लागला.

टप्प्यावर पोचल्यावर खरी पंचाईत झाली. भागाबाईच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि भीतीने तिला काही कळेनासं झालं होतं. ताईंनी तिला पट्टा बांधायला घेतला की ती त्यांचे हात ढकलायची. "मला नगं, मला हितंच ऱ्हाऊ द्या," असं ओरडायची. त्या टप्प्यावर अशी झटापट म्हणजे दोघींचा शेवट. वरून आम्हाला काहीच करता येत नव्हतं. मी काय विचारणार? प्रश्न आता ताईंचा नव्हताच.

ताईंनी हात मागे घेतले. त्या तिच्याशेजारी, त्या हातभर जागेत, चक्क बसल्या. आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, मायेचा.

"भागाबाई, तुमचा उजवा हात कुठाय?"

"आं?"

"उजवा हात. बांगड्या किती फुटल्या बघू."

"हिथं हाय."

"माझ्या हातात द्या. बास. एवढंच करायचंय. आणखी काही नाही."

थोड्या वेळाने भागाबाईचं ओरडणं थांबलं. ताईंनी तिला एकेक विचारत, एकेक सांगत पट्टा बांधला, पायाला फळी बांधली, खाली सोडलेल्या स्ट्रेचरवर घेतलं. मी वर पडल्या पडल्या ऐकत होते. घाई नाही, आरडाओरडा नाही. मधेच त्या वर बघून म्हणायच्या, "तृप्ती, विचार गं." मी विचारायची, "हुक बंद?" त्या तपासायच्या. एकदा तो खरंच उघडा निघाला.

मग वाडीतल्या माणसांनी दोर ओढला. दिगंबर "हं... हं..." असा ठेका देत होता. आधी भागाबाई वर आली, मग ताई. कोंडिबाने बायकोच्या तोंडावरून हात फिरवला आणि तो तिथेच मटकन बसला. ताई वर आल्या तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळेच वाजवू लागले.  दिगंबरने ताईंचा दोर एका हाताने गोळा केला, झटकला, नीट वळकटी करून आपल्या चांगल्या खांद्यावर टाकला आणि तो पुढे चालू लागला.

भागाबाईला ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर ताई आणि मी घाटातल्या एका टपरीवर थांबलो. माझा आनंद पोटात मावत नव्हता. संपलं सगळं, असं वाटत होतं. जुन्या शमीमताई परत आल्या.

टपरीवाला फडकं मारत आला. "काय देऊ? चहा, कॉफी? वडे गरम आहेत. भजी कांद्याची देऊ की मिरचीची?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच कोरा झाला होता, सकाळी खाटेवर असायचा तसा. 

"दोन चहा," मी म्हणाले. तो गेला.  "ताई, मला वाटलं तुम्ही बऱ्या झालात."

त्या हसल्या. त्या वर्षात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहत होते. "बरी झाले असते तर तुला काठावर कशाला बसवलं असतं?"

"म्हणजे हे असंच असताना तुम्ही उतरलात?"

"दुसरं डोकं कुठून आणणार होते?"

 जे मनात होतं तेच मी विचारलं. "सगळ्यांसमोर सांगताना लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पडायच्या भीतीपेक्षा जास्त वाटली." चहा आला. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. "पण वर्षभर मी हे लपवतेय. शाळेत, घरी, मुलींपासून. सगळी ताकद लपवण्यातच जाते बघ. आज ती ताकद दुसरीकडे लागणार होती." मग त्यांनी विचारलं, "आता तू सांग. ते 'हात कुठे, पाय कुठे' तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी स्वतःला विचारते."

"कधी?"

"सकाळी उठल्यावर. आंघोळीला जाताना. पेपर तपासायला बसताना." मी उगाच हसले. "नाहीतर मी आंघोळीला निघते आणि थोड्या वेळाने गच्चीवर काहीतरी रंगवत बसलेली असते. अंगावर टॉवेल तसाच. लहानपणापासून असंच आहे. आई थकली मारून."

"रोज विचारावं लागतं?"

"रोज."

ताईंनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या, नवीन कुणीतरी समोर येऊन बसावं तशा.

"आणि तुला सगळे वेंधळी म्हणतात."

"आहेच मी वेंधळी."

"अगं, मी एक दिवस लटकले तर वाडी टाळ्या वाजवतेय," त्या म्हणाल्या. "तू तर रोज कडा उतरतेस. तेही वर कुणी बसलेलं नसताना."

माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते मला समजलंच नाही. टपरीवाला वडे घेऊन आला होता, तो तसाच मागे फिरला.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी साताऱ्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. मी ताईंना घेऊन गेले की त्या मला, हे दोघींनाही सांगता येणार नाही. त्या डॉक्टरीणबाईंनी दोघींशी वेगवेगळं आणि भरपूर वेळ बोलून घेतलं. माझं जन्मापासूनचं होतं, ताईंचं त्या दरडीपासूनचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही आलात वेगवेगळ्या वाटांनी, पण अडकता बऱ्याचदा त्याच उंबऱ्यावर: सुरुवात कुठून करायची, पुढे काय, कुठे थांबायचं. दोघींच्या दुखण्यांना नावं होती. आळस हे त्यांतलं एकाचंही नाव नव्हतं.  

बरं व्हायला त्यांना बराच काळ लागला, आणि तोही सरळ रेषेत नाही. मध्येच महिनेच्या महिने परत खाट. पण शिट्टी परत आली. संपतचं नाव घेता येऊ लागलं. पथक पुन्हा भरलं. भागाबाई थोडी लंगडत चालते, पण दरवर्षी ताईंसाठी खरवस घेऊन येते.

परवा पथकाच्या शिबिराला मी गेले होते. शमीमताई आता शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, केस पांढरे झालेत. नव्या लोकांना त्या घारकड्याची गोष्ट सांगत होत्या. भागाबाईला वर आणलं तो भाग त्यांनी दोन वाक्यांत उरकला. घळीत दगड सुटला आणि आपण अडकलो, तिथे मात्र त्या थांबल्या. कसं वाटलं, काय दिसलं, तोंड कसं सुकलं, सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका नर्सबाईंनी चाचरत विचारलं, "पण मॅडम, मग तुम्ही घाबरलात हे सगळ्यांना कळलं असेल ना?"

"कळलं ना," ताई म्हणाल्या. "कळलं म्हणून तर वर आले."